शांताराम सापडला का?

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये वाद नको. मी भूतखेत, करणी, मंत्रतंत्र यातलं काही म्हणजे काही मानत नाही. लग्नाआधी मानत नव्हते आणि मंत्र म्हणणाऱ्या माणसाच्या घरात सून म्हणून आले तेव्हाही मानत नव्हते. मी ब्युटी पार्लर चालवते. माणसाचा आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, दोन्ही रोज बघते. त्यामुळे डोळ्यांना दिसतं ते सगळं खरं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको. या ग्रुपवर मी आजवर फक्त करमणुकीसाठी येत होते... पण आमच्या घरी जे झालं त्याचा मेळ मला अजून बसत नाही, म्हणून लिहिते आहे. हसायचं तिथे खुशाल हसा. मीही हसलेच.

आमचं गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. केळीचं गाव. आमचे हे केळीच्या गाड्या भरून देण्याचं काम बघतात, म्हणजे हंगामात घरात नसतातच - या गोष्टीतही नाहीत. घर असं आहे - पुढच्या खोलीत माझं पार्लर, मागे नवीन स्लॅबचं स्वयंपाकघर, आणि दोघांच्या मध्ये एक जुनी खोली. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. ही मधली खोली लक्षात ठेवा, सगळं तिथेच झालं.

आता माझे सासरे. गाव त्यांना आबा म्हणतं, मी मामाजी म्हणते. आबा विंचू उतरवतात. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, विंचू चावला की विष अंगात ‘चढतं’, आणि मंत्र म्हणून ते खाली आणणं म्हणजे ‘विंचू उतरवणं’. मी नवऱ्यांचा मेकअप उतरवते, सासरे विंचू उतरवतात, असं मी माहेरी सांगून सगळ्यांना हसवायचे. (नवऱ्या म्हणजे नवरी मुली हो. गैरसमज नको.)

पण त्यांचा तो धंदा नाही. त्या मंत्राचे नियम फार कडक. विंचू मारायचा नाही. कुणाकडून काही घ्यायचं नाही, त्या घरचा चहासुद्धा नाही. कुणी तोंडाने ‘विंचू उतरवा’ म्हटलं तर जेवणाच्या ताटावरून उठायचं, नाही म्हणायचं नाही. आणि ज्याला चावला त्याचं नाव मंत्रात घ्यावंच लागतं, नावाशिवाय मंत्र लागू होत नाही. हल्ली त्यांच्याकडे कुणी येत नाही. आलंच तर तेच आधी म्हणतात, “आधी दवाखान्यात जा बाबा, गोळी घे. मंग ये.” मी एकदा त्यांना तोंडावर सांगितलं होतं की मामाजी, तुमचा मंत्र संपेपर्यंत वेदना आपोआपच कमी होत असणार. तर ते चिडले नाहीत. “व्हय, तसं बी असंल,” म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. असल्या माणसाशी भांडण करायची सोय नाही.

या घरात शांताराम आला तो माझ्या दिरामुळे. निखिल पुण्याला कंपनीत आहे. त्याला कुत्रा-मांजर पाळणं म्हणजे मागासलेपण वाटतं. त्याने पाळला विंचू. डेझर्ट स्कॉर्पियन. वाळवंटातला, पिवळसर, पिकलेल्या केळीच्या सालीच्या रंगाचा, आणि चांगला हाताच्या पंज्याएवढा. डावीकडचा मागचा पाय नव्हता, तसाच आला होता म्हणे. निखिलला कंपनीने परदेशी पाठवलं, आणि त्याने काचेची पेटी आणून सरळ माझ्या पार्लरमध्ये ठेवली. “वहिनी, तुमी घाबरत नाहीत म्हणून तुमच्याकडं ठेवून राहिलो,” म्हणाला. स्तुती केली की मी फसते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

सासूबाईंनी पेटीत डोकावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. “सारं गाव इंचू झाडून बाहेर टाकतं, अन् हे पोरगं इकत घेऊन आलं!”

आबांनी मात्र चष्मा लावून बराच वेळ निरखलं. “परदेशी हाय,” म्हणाले. “ह्याला आपली मराठी कळंल का?”

शांताराम हे नाव मी ठेवलं. दिवसदिवस हलायचाच नाही हो! एक मातीचं खापर उपडं ठेवलेलं, त्याच्याखाली अंग आणि बाहेर फक्त दोन चिमटे. निखिलने सगळं समजावून दिलं होतं. पेटीत वीतभर वाळू, कारण हा बीळ खणणारा प्राणी. पाण्यासाठी बाटलीचं झाकण. आठवड्याला एक जिवंत झुरळ, उरलंसुरलं लगेच काढायचं. उन्हात ठेवायचं नाही, हातात घ्यायचं नाही, पेटीवर जाळीचं झाकण घट्ट हवं. “आणि टेन्शन घेऊ नका,” तो म्हणाला, “ह्याला वर चढता येत नाही. काच नाही, भिंत नाही. हा जमिनीवरचा गडी. चावला तरी मधमाशीइतकंच दुखतं.” सोबत एक जांभळ्या उजेडाचा टॉर्चही दिला. तो मारला की विंचू हिरवागार चमकतो... खरंच, रेडियमच्या स्टिकरसारखा. हे मात्र विज्ञान आहे, सगळेच विंचू चमकतात, मी गुगल करून बघितलं.

झुरळं पकडायला मी आयब्रोचाच चिमटा वापरला. तो नंतर वेगळा ठेवला, गिऱ्हाइकांनी घाबरू नये. पण हळूहळू गिऱ्हाइकंच झुरळं आणायला लागली. चांगलं जाडजूड जिवंत झुरळ आणलं तर आयब्रो फुकट, असं मी गमतीत म्हटलं होतं, आणि बायका डब्या घेऊन हजर! आमच्या गल्लीतलं झुरळ त्या महिन्यात नामशेष झालं. शेजारच्या कौसाबाई, ज्यांच्या भुवया अशाही विरळच आहेत, त्या तर लोणच्याच्या बरणीत घेऊन आल्या. शांतारामने ते झुरळ चिमट्यात पकडलं तेव्हा त्यांनी हात जोडले होते.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग नणंद बाळंतपणाला आली.

प्रणिताचं सासर शिरड शहापूरचं. पहिलं बाळंतपण, मुलगी झाली, तब्येत छान. बाळ-बाळंतीण मधल्या खोलीत. तुळईला जुनी लोखंडी कडी आहे, तिला दोर बांधून पाळणा टांगलेला. याच पाळण्यात प्रणिता झोपली, निखिल झोपला, आमचे हेसुद्धा. शांतारामची पेटी मी पार्लरमध्ये पडद्यामागे सरकवली आणि झाकणावर वरून आणखी एक वीट ठेवली. प्रणिताला सांगितलं होतं, तिने फक्त एवढंच म्हटलं, “वहिनी, तुमच्यावर भरवसा हाय म्हणून राहून राहिले.” हे वाक्य माझ्या छातीवर त्या विटेसारखं बसलं.

बारशाचा दिवस उजाडला. शिरड शहापूरहून गाडीभर पाहुणे येणार होते, त्यात बाळाची आत्या, जी नाव ठेवणार. नाव गुप्त होतं. घरात एकट्या मला माहीत होतं, कारण डेकोरेशन माझ्याकडे, आणि थर्माकोलची अक्षरं मीच कापून भिंतीवर चिकटवली होती. वर ओढणी झाकली होती. नाव होतं ‘त्विषा’. हल्लीची नावं तुम्हाला माहीतच आहेत.

पाहुणे यायच्या थोडं आधी मी केसांच्या पिना घ्यायला पार्लरमध्ये गेले आणि सहज पडदा सरकवला. वीट खाली. झाकण तिरकं, एक टोक आत वाळूपर्यंत गेलेलं. वाळूवर पुरणपोळीचा तुकडा. शांतारामचे चिमटे खापराबाहेर नाहीत. मी खापर उचललं, तर खाली कुणी नाही. कंगव्याच्या शेपटीने वाळू टोचून बघितली. काही नाही.

सासूबाई मागे उभ्या होत्या. (मी त्यांना आत्याबाई म्हणते.) चेहरा पांढरा.

“आत्याबाई, झाकण कुणी उघडलं?”

“सनावाराचं, बारशाचं... त्याला बी दोन घास म्हनून म्या...”

“विंचू पुरणपोळी खातो का आत्याबाई!”

“मला काय म्हाईत! परदेशी हाय तो!”

पेटीपासून मधल्या खोलीचं दार तीन पावलांवर. दाराला उंबरा, पण उंबऱ्याखाली फट. आणि आत बाळ. मधमाशीइतकंच दुखतं म्हणे! अहो, मधमाशी तरी तान्ह्या लेकराला कोण चावू देईल? मी निखिलला फोन लावला. तिकडे कुठली वेळ होती देव जाणे, तो झोपेतच म्हणाला, “वहिनी, खाली बघा. फक्त खाली. कोपरे, चपला, गाद्यांच्या कडा. तो चढत नाही.” 

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. पाहुणे आले.

सासूबाईंनी माझा दंड पकडला. “कोनाला बोलायचं न्हाई. व्याह्यांच्या तोंडावर काय सांगायचं, घरात इंचू पाळून ठिवला व्हता अन् आता हरवला म्हनून? जल्मभर प्रणिताला ऐकावं लागंल. अन् ती भेली तर दूध आटंल तिचं.” मला पटलं नाही, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलंही नाही. ठरलं एवढंच की मी बाळाला मांडीवरून खाली ठेवू द्यायचं नाही, आणि पाळण्यात घालायच्या आत शांतारामला शोधायचा.

मग जे झालं ते मी आठवते तेव्हा मला एकाच वेळी हसू आणि घाम येतो.

खोली बायकांनी गच्च भरलेली. कौसाबाई पुढाकार घेऊन पाळणे म्हणत होत्या. मी सरबताचा ट्रे घेऊन वाकून वाकून फिरत होते, सगळं लक्ष जमिनीवर. मधेच सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून विचारत, “शांताराम सापडला का?”

“नाही अजून.”

“गादीखाली बघितलं का?”

शिरड शहापूरच्या एका काकूंनी मान वळवली. “कोन शांताराम?”

“निखिलचा मित्र,” मी म्हटलं. “पुण्याचा. फार लाजाळू आहे.”

“अन् तो गादीखाली काहून बसंल?”

“खूपच लाजाळू आहे,” मी म्हटलं.

काकूंनी आपली गादी सोडली आणि भिंतीकडे सरकल्या. बरंच झालं, मला गादीची कड बघता आली. नव्हता. मग मी माझा शेवटचा डाव टाकला. दोन्ही खिडक्या लावल्या, दार लोटलं, खोलीत अंधार केला आणि जाहीर केलं, “पुण्याहून नवीन मशीन आली आहे. जांभळ्या लाइटने पायांची टाच चेक करते. आज सगळ्यांना फ्री!”

फ्री म्हटल्यावर काय! बायकांनी साड्या घोट्यापर्यंत वर घेऊन पाय पुढे पसरले. मी एकेकीच्या पायाजवळून टॉर्च फिरवत खोलीभर रांगले. चपलांचा ढीग, गाद्यांच्या कडा, ओटीचं ताट, पेटाऱ्याची मागची बाजू. कुठेही हिरवं काही चमकलं नाही. एकीचा परकर चमकला, तो साबणामुळे.

“माझ्या टाचेत काय निघालं?” कौसाबाईंनी विचारलं.

“थोडा कोरडेपणा आहे.”

“अन् तुझा तो शांताराम दिसला का?”

बाई ऐकत होती सगळं. मी टॉर्च बंद केला.

इकडे वेळ झाली. पाळण्याला फुलं लावून झाली. आमच्याकडे बाळाला घालायच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात - हो, वाटणाचा दगडी वरवंटा - त्याला टोपडं बांधतात, कुंकू लावतात, आणि बायका तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात देतात. बाळ वरवंट्यासारखं टणक व्हावं म्हणून. ते झालं की वरवंटा काढायचा आणि बाळ पाळण्यात. म्हणजे माझ्याकडे वरवंट्याचा कार्यक्रम संपेपर्यंतचाच वेळ होता. प्रणिता बाळाला घेऊन पाळण्याकडे सरकली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली. मला रडूच आलं.

मी बाहेर ओसरीवर धावले. आबा पुरुषमाणसांत बसले होते. त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं एका श्वासात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“चावला का कोनाला?”

“नाही. पण चावेल ना!”

“मंग म्या काय उतरवू? तकलीफ झाल्याबिगर ह्यो मंत्र न्हाई चालत पोरी. बोलवायचा मंत्र माझ्यापाशी न्हाई. उतरवायचा हाय.”

माझा ताबा सुटला. आयुष्यभर ज्याची टिंगल केली त्याच्यावर मी चिडले होते, तो चालत नाही म्हणून! मी जवळजवळ ओरडलेच, “मामाजी, मला ते काही माहीत नाही. काहीही करा, पण विंचू उतरवा!”

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला आधी कळलंच नाही का ते. मग लक्षात आलं - मी तेच शब्द बोलले होते. आता त्यांना नाही म्हणता येत नव्हतं.

आबा उठले. पाण्याने भरलेला पितळी तांब्या तिथेच ओसरीच्या कडेला ओतून रिकामा केला आणि हातात घेतला. “नाव सांग.”

“कुणाचं?”

“ज्याच्यासाठी उतरवायचा त्याचं.”

“बाळाचं.”

“बाळाला नाव कुठं हाय अजून?”

पंचाईत! नाव अजून आत्याने कानात सांगितलं नव्हतं. ते आधी फोडणं म्हणजे मानापमान. पण मी त्यांच्या कानाशी गेले आणि म्हटलं, “त्विषा.”

“काय?”

“त्विषा. त्... वि... षा.”

“तिवसा?” आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “ते तर अमरावतीकडं गाव हाय.”

“मामाजी, हात जोडते!”

“बराबर हाय, बराबर हाय. तिवसा.” आणि ते तोंडातल्या तोंडात तिवसा, तिवसा म्हणत आत गेले.

बायकांच्या कार्यक्रमात पुरुष शिरल्यावर कालवा झाला. “बायांच्यात काहून येऊन राहिले आबा?” कौसाबाई म्हणाल्या. वरवंटा फिरून झाला होता, पाळण्यात टोपडं घालून पडला होता, आणि कौसाबाईंनी तो उचलायला हात पुढे केला होता. प्रणिता बाळाला घेऊन अगदी शेजारी उभी.

“कौसा, हात मागं घे,” आबा म्हणाले. मोठ्याने नाही. पण त्या माणसाचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. कौसाबाईंचा हात मागे आला, आणि कौसाबाई गप्प झाल्या, हाच खरं तर पहिला चमत्कार.

आबा पाळण्यापासून हातभर लांब उभे राहिले. चावलेल्या माणसाच्या हातावरून ते जसा हवेतूनच हात खाली खाली ओढतात, तसा त्यांनी पाळण्याच्या दोरावरून ओढायला सुरुवात केली. वरून खाली. ओठ हलत होते. मला फक्त ‘उतर’ ऐकू येत होतं, आणि मधूनमधून ‘तिवसा’. मी मात्र अजूनही पायाखालीच बघत होते. सगळा जन्म खाली बघायचं ठरवल्यासारखी.

“अगं बाई... वर...” सासूबाई म्हणाल्या.

मी वर बघितलं. तुळईच्या कडीपासून, दोराच्या गाठीवरून, एक विंचू खाली येत होता. घाई नाही. आबांचा हात जसा खाली येई तसा तो येत होता, हात थांबला की थांबत होता. किंवा मला तसं वाटलं. खोलीत उजेड कमी होता, खिडक्या मीच लावलेल्या. तो मला जरा तांबूस दिसला, पण भीतीने माझे डोळे ठिकाणावर नव्हते. दोर संपला. पाळण्याच्या काठावरून तो आत उतरला, वरवंट्यावर चढला आणि लाल टोपड्यावर बसला. नांगी वर उचललेली. जिथे दोन मिनिटांनी बाळाचं डोकं असणार होतं, तिथे.

एकही बाई ओरडली नाही. आबांनी त्याच्यावर तांब्या उपडा घातला, खालून ओटीच्या ताटातल्या ब्लाउजपिसाचा पुठ्ठा सरकवला, आणि उचलून निघाले. दारात थांबून म्हणाले, “आता ठिवा लेकराचं नाव.” आणि बांधाकडे चालू लागले.

त्यानंतर बायका अशा काही बोलायला लागल्या की आत्याने बाळाच्या कानात काय सांगितलं ते बाळालाही ऐकू गेलं नसेल. शिरड शहापूरच्या काकू मला म्हणाल्या, “तो लाजाळू मित्र हाच का?” मी मान हलवली. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. प्रणिताने बाळाला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं, आणि मला ते रडणं जगातलं सगळ्यात गोड गाणं वाटलं.

जीव भांड्यात पडल्यावर माझं डोकं ताळ्यावर आलं. मी स्पष्टीकरण शोधायला बसले. बाळंतिणीला ओवा-शेपाची धुरी देतात, धुराने तो खाली आला असेल. पण धुरी तर रोजच दिली जात होती. बायकांच्या गाण्याने दोर हलला असेल. पण गाणं थांबल्यावर तो आला. आणि चढला कसा? निखिल तर शपथेवर सांगत होता की तो चढूच शकत नाही. फोनवर त्याने मला फार बोलून घेतलं. “तुमी त्याला शेतात सोडून दिला? तो इथला नाही वहिनी, मरून जाईल!” मी आबांना विचारलं, शांतारामला नेमका कुठे सोडला. ते म्हणाले, “इंचू वरच्या बांधावर सोडला.” मी जाऊन टॉर्च मारून आले. काही नव्हतं. निखिल माझ्याशी बोलायचा बंद झाला.

पेटी तशीच पडद्याआड पडून राहिली. मला तिच्याकडे बघवत नव्हतं. प्रणिता बाळाला घेऊन सासरी गेली, उन्हाळा उतरणीला लागला, आणि एक दिवस मी ठरवलं की पेटी धुऊन निखिलच्या खोलीत ठेवून द्यावी. भर दुपारी परसात नेली आणि वाळू पत्र्यावर ओतली.

वाळूतून आधी एक रिकामा विंचू पडला. कागदासारखा, आरपार दिसणारा. मग त्याच्यामागून, अगदी तळातून, शांताराम बाहेर आला.

मी पत्रा सोडून किंचाळले. सासूबाई लाटणं घेऊन धावत आल्या. पिवळाजर्द, आधीपेक्षा चांगला मोठा, नवा कोरा. डावीकडचा मागचा पाय नव्हता. टाकलेल्या कातीलाही नव्हता. मी निखिलला व्हिडिओ कॉल लावला. तो बघून रडायलाच लागला. “हाच! हाच तो! वहिनी, कात टाकायची असली की ते खोल गाडून घेतात, आठवडेच्या आठवडे वर येत नाहीत. तो पेटीतून बाहेर गेलाच नव्हता!”

पेटीतून बाहेर गेलाच नव्हता.

मी परसात तशीच बसून राहिले. वाळू मी कंगव्याने वरवर टोचली होती, वीतभर खोल कोण बघतो? मग दोरावरून उतरला तो कोण? मी उठून पुढे आबांजवळ जाऊन बसले. ते ओसरीवर सुपारी कातरत होते.

“मामाजी, बारशाच्या दिवशी तांब्याखाली जो होता... त्याला पाय किती होते?”

“समदे व्हते.”

“म्हणजे तो शांताराम नव्हता? तुम्हाला माहीत होतं?”

“तो आपलाच. तांबडा इंचू. माळवदाच्या लाकडात ऱ्हातेत. वंगाळ जात, लहान लेकरू वाचत न्हाई त्याच्यातून.” सुपारीचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला. “तुमी समदे भेलेले व्हता. आनखी काहून भेव दाखवायचं?”

आम्ही सगळे ज्याला खाली शोधत होतो तो आपल्या बिळात सुखात होता, आणि खरा धोका बाळाच्या डोक्यावर बसलेला होता, आणि तिकडे कुणीही बघत नव्हतं. सासूबाईंनी पुरणपोळी टाकली नसती, मी घाबरले नसते, चिडून ते शब्द बोलले नसते... तर वरवंटा उचलला गेला असता आणि प्रणिताने बाळ पाळण्यात ठेवलं असतं.

“पण मामाजी, तुम्ही तर शांतारामला उतरवायला गेला होतात ना?”

“म्या शांतारामचं नाव घेतलं का? तूच तर नाव सांगितलं. तिवसा.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पार्लरमध्ये चुकीचा शाम्पू मागणाऱ्या बाईकडे बघते. “तिच्या नावाचा जो व्हता, तो उतरला. तुमचा शांताराम कशाला उतरंल?”

मंडळी, मी या गोष्टीचा सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. जुन्या लाकडात विंचू असतात, मान्य. तो कधीतरी उतरणारच होता, मान्य. तेव्हाच का, आणि वरवंट्यावरच का, ते मला सांगता येत नाही. कुणाला सांगता येत असेल तर जरूर सांगा. माझा विश्वास अजूनही नाही. पण त्विषाला आमच्याकडे सगळे तिवसाच म्हणतात, आणि तिचं कागदावरचं नाव बदलायचा विषय निघाला तर मी विरोध करणार नाही.

त्या दुपारी उठताना मी आबांना गमतीत विचारलं होतं, “मामाजी, मग माझ्या नावाचाही असेल का एखादा?” खरं सांगते, गमतीत नव्हतं विचारलं.

“असंल की,” ते म्हणाले. “परत्येकाच्या नावाचा असतो. म्या हाय तवर हाक मार.”

त्यांच्यानंतर काय, हे मी विचारलं नाही. मला विचारवलं नाही. आता कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी वर बघते.